स्टेपनी नसलेली गाडी: सातारकर कुटुंबाने घेताना काय पाहावे, वाटेत काय करावे

नवी गाडी पाहायला शोरूममध्ये गेलेले कुटुंब आधी बॉनेटभोवती फिरते, मुले मागच्या सीटवर चढून बसतात आणि घरातील ज्येष्ठ माणूस दार दोनदा लावून त्याचा आवाज ऐकतो. माझी विनंती अशी, की हे सर्व होण्यापूर्वी डिकी उघडावी, आतले कार्पेट उचलावे आणि त्याखालची फळी वर करून पाहावी. तिथे पूर्ण मापाचे पाचवे चाक असेल, किंवा थोडे लहान चाक असेल, किंवा थर्माकोलच्या साच्यात बसवलेला जेवणाच्या डब्याएवढा कॉम्प्रेसर आणि पांढऱ्या द्रवाची एक बाटली असेल.

मी स्वतः हे पाहिले नव्हते. गाडी घरी आली, चारही चाकांखाली लिंबे ठेवून झाली, आणि वडील हातात हळदीकुंकवाची कोयरी घेऊन डिकीपाशी जाऊन म्हणाले, "स्टेपनीला लावायचं राहिलं की." फळी उचलली तेव्हा खाली ती बाटली निघाली. वडिलांनी बाटलीलाच हळदीकुंकू लावले आणि एक अक्षरही बोलले नाहीत. पुढे जे लिहितो आहे ते त्या दिवसानंतर, आणि त्याहून अधिक एका फुटलेल्या टायरनंतर शिकलेले आहे.

स्टेपनी गेली कुठे

विक्रेते ही नवी पद्धत असल्याचे सांगतात, पण ती कायद्याने दिलेली सवलत आहे. केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये मोटार वाहन नियमांत बदल केला आणि १ ऑक्टोबर २०२० पासून, चालकासह नऊपेक्षा अधिक आसने नसलेल्या व साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, टायर दुरुस्तीचे किट आणि हवेच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा असेल, तर स्टेपनी देण्याचे बंधन राहिले नाही. या तिन्ही गोष्टी असल्या पाहिजेत, ही अट खरेदीच्या वेळी लक्षात ठेवावी.

दुसरे कारण जागेचे आहे. चार मीटरपर्यंत लांबीच्या लहान इंजिनाच्या गाड्यांवर कर कमी लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यांच्यावर १८ टक्के आणि त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. एवढा फरक असल्यावर कंपन्या चार मीटरच्या आतच पाच माणसे, त्यांचे पाय आणि त्यांच्या बॅगा बसवणार हे ओघानेच आले, आणि मग पाचव्या चाकाच्या खड्ड्यावर त्यांचा डोळा जातो. बॅटरीवरच्या गाडीत ती जागा आणि ते वजन अधिकच मोलाचे असते. (जाता जाता: वेल्समधील लानेली या गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ च्या सुमारास जादा चाकाचा हा व्यवसाय सुरू झाला. त्या रस्त्याचे नाव आपल्या प्रत्येक पंक्चरवाल्याच्या तोंडी राहिले आहे.)

पहिली पायरी: आपली गाडी कुठे कुठे जाणार, हे कागदावर लिहावे

गाडी कोणती घ्यावी हे ठरवण्याआधी वर्षभरात ती कोणत्या रस्त्यांवर चालणार याची यादी करावी. पोवई नाक्यावरून राजवाड्यापर्यंत, मुलांच्या शाळेपर्यंत आणि महामार्गाने पुण्याला किंवा कऱ्हाड-कोल्हापूरला एवढेच जाणे असेल, तर स्टेपनी नसणे ही फारशी मोठी अडचण नाही. या मार्गावर पंक्चर काढणारी दुकाने ठिकठिकाणी सापडतात, फोन लागतो आणि मदतही येते.

मात्र सातारा जिल्ह्यात राहणाऱ्या कुटुंबाचा रस्ता सहसा एवढ्यावर थांबत नाही. यवतेश्वरचा घाट चढून कास आणि पुढे बामणोली, ठोसेघर, मेढ्यावरून केळघरच्या घाटाने महाबळेश्वर, पाटणहून कुंभार्लीमार्गे चिपळूण, महाबळेश्वरहून आंबेनळीने पोलादपूर, आणि ज्यांचे मूळ गाव माण-खटावात आहे त्यांचा वाडीवस्तीपर्यंतचा खडीचा रस्ता, या सगळ्यांवर चाकाला होणारी इजा शहरातल्यासारखी नसते. शहरात खिळा घुसतो. घाटात आणि खचलेल्या साइडपट्टीवर टायरची बाजू कापली जाते. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर येतात, अरुंद रस्त्यावर त्यांना वाट देताना आपले डावे चाक डांबरावरून खाली उतरते, आणि डांबराची ती उघडी कड किंवा जांभ्याचा टोकदार दगड टायरच्या बाजूला लागतो.

हा फरक मी मुद्दाम सांगतो, कारण पुढची सारी निवड त्यावर उभी आहे. कंपनीने दिलेले किट, म्हणजे तो कॉम्प्रेसर आणि ती बाटली, खिळ्यावर उपाय करते. कापलेल्या बाजूवर ते काहीही करू शकत नाही.

दुसरी पायरी: डिकीतील व्यवस्था ओळखावी

पूर्ण मापाची स्टेपनी असल्यास ती बाकीच्या चार चाकांच्याच मापाची आहे का हे टायरवरचे आकडे वाचून पाहावे. अनेक गाड्यांच्या वरच्या श्रेणीत चार चाके सोळा इंची अलॉय आणि स्टेपनी पंधरा इंची लोखंडी रिमची असते. ती चालते, पण तिच्यावर दिलेली वेगमर्यादा पाळावी लागते, आणि ती पुढचे दुकान येईपर्यंतच वापरायची असते. अगदी सडपातळ, तात्पुरत्या चाकावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते आणि त्यात हवा ६० पीएसआय (पीएसआय हे हवेच्या दाबाचे माप) भरावी लागते. नेहमीच्या सवयीने ३२-३३ भरून ठेवली तर ते चाक गरजेच्या वेळी बसलेले निघते.

सीएनजी गाडीत स्टेपनी असली तरी ती काढून पाहण्याचा आग्रह धरावा. काही गाड्यांत ती टाकीच्या आड अशी अडकलेली असते, की भरल्या डिकीत ती बाहेर काढण्यासाठी लग्नाचे सारे सामान रस्त्यावर मांडावे लागेल. टाटाने दोन लहान टाक्यांची जी रचना आणली तिच्यात डिकीची जागा वाचते आणि स्टेपनी गाडीच्या पोटाखाली जाते. अशा गाडीत ती खाली उतरवण्याची कळ कुठे आहे आणि पावसाळ्यातल्या चिखलात ती फिरेल का, हे विक्रेत्याकडून करून दाखवून घ्यावे.

किटच असेल, तर गाडीत जॅक आणि चाकाचा पाना आहे की नाही हे विचारावे. पुष्कळदा तेही काढून टाकलेले असतात. विक्रेता "साहेब, आता कुठल्याच गाडीत स्टेपनी येत नाही" असे म्हणेल. ते खरे नाही. एकाच गाडीच्या खालच्या श्रेणीत स्टेपनी आणि वरच्या श्रेणीत किट, असेही आढळते, म्हणून आपण घेणार त्याच श्रेणीची गाडी उघडून पाहावी.

तिसरी पायरी: टायरची बाजू किती उंच आहे ते मोजावे

ही पायरी सहसा कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते स्टेपनी नसलेल्या गाडीत हीच सर्वांत महत्त्वाची आहे. टायरवर १८५/६५ आर १५ असे काही लिहिलेले असते. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा आकडा टायरच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो, आणि शेवटचा आकडा रिमचा व्यास इंचांत देतो. म्हणजे १८५ चे ६५ टक्के, सुमारे १२० मिलिमीटर रबर रिम आणि रस्ता यांच्यामध्ये आहे. २१५/४५ आर १७ या टायरला हीच उंची सुमारे ९७ मिलिमीटर भरते. दिसायला दुसरे चाक रुबाबदार असते यात वाद नाही, पण खड्ड्याची कड लागल्यावर रिम आणि दगड यांच्यात रबर चिमटण्याची शक्यता त्यातच अधिक असते, आणि चिमटलेल्या टायरच्या बाजूला फुगा येतो किंवा चीर पडते. त्यामुळे घाट आणि खडी आपल्या यादीत असेल आणि स्टेपनी मिळणार नसेल, तर मोठ्या अलॉय चाकांची श्रेणी सोडून एक पायरी खालची, उंच बाजूच्या टायरची श्रेणी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वाचलेले पैसे चांगल्या पंपासाठी कामी येतात.

त्याच वेळी ते माप साताऱ्यात सहज मिळते का, याची दोन टायरच्या दुकानांत चौकशी करावी. माझ्या गाडीच्या मापाचा टायर गावात त्या दिवशी कोणाकडेच नव्हता आणि तो यायला दोन दिवस लागले, ही गोष्ट मला आधी कळली असती तर बरे झाले असते.

गाडीची बाकीची निवड, म्हणजे भारत एनकॅपचे सुरक्षा तारांकन, मागे आजीआजोबांना चढता-उतरता येते का, पाच माणसे बसवून चढावर इंजिन कसे ओढते, या गोष्टी नेहमीप्रमाणे पाहाव्यातच. चाचणीची फेरी मात्र महामार्गावर न घेता यवतेश्वरच्या चढावर घ्यावी, आणि एकट्याने न घेता घरच्यांना बसवून घ्यावी.

चौथी पायरी: सही करण्यापूर्वी

रस्त्यावरच्या मदतीची जी योजना गाडीबरोबर मिळते तिचे कागद मागून घ्यावेत. किती किलोमीटरपर्यंत गाडी फुकट नेतात, सपाट पाठीच्या गाडीवर उचलून नेतात की ओढून, आणि बामणोली किंवा आपले मूळ गाव त्या योजनेच्या हद्दीत बसते का, हे तीन प्रश्न विचारावेत. इलेक्ट्रिक गाडी तर चाके जमिनीवर टेकवून ओढत नेणे टाळावे लागते, म्हणून तिला सपाट पाठीचीच गाडी लागते.

विम्याबाबतही एक गैरसमज आहे. नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत केवळ टायर फुटला किंवा कापला गेला तर भरपाई मिळत नाही. त्याच अपघातात गाडीचेही नुकसान झाले असेल तरच टायरचा विचार होतो, आणि तेव्हाही घसारा म्हणून निम्मी किंमत वजा होते. टायरसाठी वेगळे जोडकलम मिळते. किट असलेल्या गाडीला ते घ्यावे की नाही हे हप्ता पाहून ठरवावे. माण-खटावाच्या वाटेवर नेहमी जाणाऱ्याला मी घ्या म्हणेन.

जादा चाक विकत घेण्याची तयारी असेल, तर ते बुकिंगच्या वेळीच बोलून घ्यावे, कारण त्या वेळी सवलतीत रिम आणि जॅक मिळण्याची शक्यता असते. बाहेरून घ्यायचे असल्यास नटांची संख्या, नटांच्या वर्तुळाचा व्यास, मधल्या भोकाचे माप आणि रिमचा ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसते ते माप) हे सर्व जुळले पाहिजे, आणि लोखंडी रिमला वेगळे नट लागतात का तेही विचारावे.

गाडी ताब्यात घेताना चारही टायरांवरचा चार आकडी शिक्का वाचावा. २३२५ असेल तर तो टायर २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. पाडव्याच्या मुहूर्ताच्या घाईत हे राहून जाते, आणि वर्षभर यार्डात उन्हात उभ्या असलेल्या गाडीचे टायर नवे म्हणून आपल्या पदरात पडतात.

पाचवी पायरी: कंपनीच्या किटमध्ये भर घालावी

कंपनीच्या बाटलीत रबरी द्रव असतो. तो व्हॉल्व्हमधून टायरमध्ये सोडला की हवेच्या जोरावर छिद्रापर्यंत जाऊन तिथे थिजतो. टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागातील, साधारण चार ते सहा मिलिमीटरपर्यंतच्या छिद्रालाच तो उपयोगी पडतो आणि बाटली एकदाच वापरता येते. म्हणून बाटली ही शेवटचा उपाय समजावी आणि पहिला उपाय म्हणून ट्यूबलेस पंक्चर काढण्याचे साधे किट घ्यावे. त्यात छिद्र घासून मोकळे करणारी कानस-सुई, दोरी ओवायची सुई, चिकट रबरी दोऱ्या आणि सोल्युशन असते. जोडीला एक पक्कड, कटर, साबणाच्या पाण्याची लहान बाटली, जाड हातमोजे, टॉर्च आणि गुडघ्याखाली घ्यायला एखादे पोते ठेवावे. कंपनीच्या कॉम्प्रेसरची वायर चारही चाकांपर्यंत पोहोचते का हे घरीच बघावे.

हे किट घेऊन एका रविवारी ओळखीच्या पंक्चरवाल्याकडे जावे आणि त्याच्या दुकानातील टाकाऊ टायरवर एक दोरी आपल्या हाताने बसवून पाहावी. सुई आत ढकलायला किती जोर लागतो, हे वाचून कळत नाही. मला पहिल्यांदा दोन्ही हातांनी, जवळजवळ अंगाचा भार टाकून ढकलावी लागली होती.

वाटेत खिळा लागल्यास

डॅशबोर्डवर घोड्याच्या नालेसारखे, मध्ये उद्गारचिन्ह असलेले पिवळे चिन्ह लागले की कोणत्या तरी चाकातील हवा उतरली आहे. ते सुरुवातीला मिनिटभर मिचकावून मग स्थिर झाले, तर बहुधा यंत्रणेतच बिघाड असतो. थंडीत महाबळेश्वरला पहाटे हे चिन्ह विनाकारणही लागू शकते, कारण तापमान दहा अंशांनी उतरले की दाब दोनेक पीएसआय कमी होतो. काही गाड्यांत प्रत्येक चाकाचा आकडा दिसतो. ज्यांत दिसत नाही, त्यांत यंत्रणा चाकांच्या फिरण्याच्या वेगावरून अंदाज बांधते, म्हणून हवा भरल्यावर ती पुन्हा नव्याने नोंदवावी लागते.

ब्रेक जोरात न दाबता, वेग हळूहळू कमी करत सपाट आणि मोकळ्या जागी थांबावे. खंबाटकीचा बोगदा किंवा घाटातले वळण यांत थांबू नये. टायर गेला तरी चालेल, पण धोक्याचे दिवे लावून सावकाश बाहेर यावे. एरवी मात्र बसलेल्या टायरवर गाडी चालवू नये, कारण रिमखाली चिरडून टायरची आतली बाजू भुगा होते आणि मग दहा रुपयांच्या दोरीने भागणारे काम नव्या टायरवर जाते. माणसांना रस्त्याच्या कडेला, रेलिंगपलीकडे उभे करावे, हँडब्रेक ओढावा आणि लाल त्रिकोण मागे किमान ५० मीटरवर ठेवावा. राष्ट्रीय महामार्गावर असल्यास १०३३ हा मदतीचा क्रमांक लक्षात असू द्यावा.

खिळा दिसला की तो लगेच उपटण्याचा मोह होतो. तो आवरावा. खिळा जागेवर असताना हवा हळू जाते, आणि पुष्कळदा थोडी हवा भरून गाडी जवळच्या दुकानापर्यंत नेता येते. दुकान लांब असेल तरच स्वतः काम करावे. पुढचे चाक असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवले की टायरचा भाग बाहेर येतो आणि जॅक लागत नाही; मागचे असेल तर गाडी अर्ध्या चाकाएवढी पुढे-मागे करून खिळा हाताला येईल असा आणावा. सगळी साधने मांडून, सुईत दोरी ओवून, तिला सोल्युशन लावून झाल्यावर खिळ्याचा तिरपेपणा पाहावा, पकडीने तो काढावा आणि कानस-सुई त्याच कोनात आठ-दहा वेळा आतबाहेर करावी. नंतर दोरीची सुई अर्धा इंच टोके बाहेर राहतील इतकी आत ढकलावी आणि झटक्याने ओढून घ्यावी. दोरी आत राहते. हवा भरून साबणाचे पाणी टाकावे. बुडबुडे आले नाहीत तर उरलेली टोके कापावीत.

हे जमले नाही तर बाटली वापरावी. ती वापरताना इंजिन चालू ठेवावे, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरावी, आठ-दहा किलोमीटर ताशी ८० च्या आत गाडी चालवून पुन्हा दाब तपासावा. पुढे दुकानात टायर खोलण्यापूर्वी आत द्रव सोडल्याचे पंक्चरवाल्याला सांगावे, म्हणजे तो आतली बाजू धुऊन घेईल आणि दाबाचा सेन्सर सांभाळेल. कायमची दुरुस्ती म्हणून आतून मशरूम पॅच (छत्रीच्या आकाराचे, दांडी असलेले ठिगळ) लावून घेणे अधिक चांगले.

टायरची बाजू कापली गेल्यास

बामणोलीहून कासकडे येताना समोरून एसटी आली. मी डावीकडे घेतले, मागचे डावे चाक साइडपट्टीवरून खाली गेले आणि वर येताना फसकन आवाज झाला. बोटभर लांब चीर होती. किट आहे म्हणून मी बाटली जोडली. पांढरा फेस चिरेतून बाहेर येऊन माझ्या बुटांवर पडला आणि टायर होता तसाच राहिला. फोनला रेंज नव्हती. दुधाच्या टेम्पोतून मी वर रेंज मिळेपर्यंत गेलो, मदतीच्या क्रमांकावर ठिकाण समजावून सांगण्यातच वीस मिनिटे गेली, आणि उचलणारी गाडी यायला चार तास लागले. दुसऱ्या दिवशी पंक्चरवाल्याने चिरेत अंगठा घालून पाहिला आणि म्हणाला, "आवो साहेब, ह्ये पंक्चर न्हाय, टायर कापलाय. ह्येला बाटली काय करणार?"

त्यामुळे चीर, फुगा किंवा दिसणारे दोरे आढळले, तर दुरुस्तीच्या नादी न लागता सरळ मदत बोलवावी. रेंज नसलेल्या भागात शिरण्यापूर्वी मदतीचा क्रमांक आणि पॉलिसीचा क्रमांक कागदावर लिहून गाडीत ठेवावा, नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यावा, आणि ठिकाण सांगताना रस्त्याचे नाव, शेवटचा किलोमीटरचा दगड आणि आपण कोणत्या गावाकडे तोंड करून उभे आहोत, एवढे सांगावे.

आता आमच्याकडे लोखंडी रिमवरचे एक चाक आहे. ते एरवी घरातल्या जिन्याखाली, सावलीत असते. सातारा-पुणे जाणे असले की घरीच राहते, आणि घाटात किंवा गावी जायचे असले की डिकीत जाते. सुमारे पंधरा किलोचे हे वजन सुटे ठेवू नये, कारण जोराच्या ब्रेकला ते मागच्या सीटवर आदळते. डिकीतील कड्यांना पट्ट्याने घट्ट बांधावे. त्याची हवा दर महिन्याला बाकीच्या चार चाकांबरोबर, सकाळी टायर गार असताना तपासावी आणि पाचही माणसे सामानासह जाणार असतील तर दाराच्या चौकटीवर भारासाठी दिलेला वरचा आकडा धरावा.

बाटलीच्या तळाशी वापराची अंतिम तारीख छापलेली असते. मी ती मार्करने फळीच्या आतल्या बाजूवर मोठ्या अक्षरांत लिहिली आहे. बाटली आता नवी आहे; दर दसऱ्याला फळी उचलून वडील तिला आणि जिन्याखालच्या चाकाला, दोघांनाही हळदीकुंकू लावतात.